खोली बघायला जाल तर आधी भिंत बघा

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच होऊन जातो, अ‍ॅडमिशन झालं, आता राहायचं कुठं आणि खर्च कसा भागवायचा. या अंकातली सगळी जागा त्यालाच देतेय. मी बोलणार सांगली-मिरजेबद्दल, कारण मी इथलीच, गावभागातली, आणि आमच्या घरात गेली वीस वर्षं कॉलेजची पोरं भाड्यानं राहतायत, त्यामुळं मालकाची बाजूही माहितीय आणि पोरांचीही.

ताई नमस्कार. मुलाचा विश्रामबागच्या इंजिनिअरिंग कॉलेजला नंबर लागला पण हॉस्टेलच्या यादीत नाव आलं नाही. विश्रामबागेत कॉट बेसिसवर माणशी अडीच हजार सांगतायत. एका ओळखीच्यानं नदीकडच्या बाजूला तळमजल्यावरची खोली दाखवली, तिघांत मिळून साडेचार हजार. नवीन रंग दिलाय, मालकही चांगला वाटला. आम्ही दुष्काळातली माणसं, पुराचं आम्हाला काही कळत नाही. घ्यावी का? (एक पालक, जत तालुका)

दादा, नका घेऊ. माणशी महिन्याला हजार वाचतात, वर्षाला दहा-अकरा हजार, आणि जतकडच्या घराला ही रक्कम किती मोठी आहे ते मला कळतं, तरीपण नका घेऊ.

सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना भेटली की पहिला प्रश्न असतो, किती फूट झालं? म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं. त्याआधी २००५ ला आलं होतं, नंतर २०२१ च्या जुलैत परत आलं. आता यातली गोम बघा, अ‍ॅडमिशन होतात जुलै-ऑगस्टला, आणि कोयनेतून पाणी सोडतात तेही जुलै-ऑगस्टलाच, म्हणजे पोरगं गादी आणि बादली घेऊन रूमवर येतं तेव्हाच नदी वर चढत असते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावं लक्षात ठेवा, पाणी चाळीसकडं जायला लागलं की तिथल्या लोकांची सामान हलवायची गडबड सुरू होते. मोठा पूर आला तर मारुती चौक आणि आमचा गावभागसुद्धा सुटत नाही. शामरावनगरात तर नदी लांब असली तरी नुसत्या पावसाचंच पाणी साचून राहतं. विश्रामबाग, मिरज, कुपवाड ही बाजू उंचावर, म्हणून तिकडं भाडं जास्त.

नवीन रंग दिलाय म्हणालात, तिथंच तर बघायचं. रंग नवा असला तरी ओल लपत नाही. भिंतीवर चार-पाच फुटांवर एक आडवी रेघ दिसते, तिच्या खाली पापुद्रे सुटलेले असतात, वर भिंत गुळगुळीत. दाराच्या चौकटीचं खालचं लाकूड फुगलेलं असतं. आणि लाईटचा बोर्ड बघा, पूर आलेल्या घरांत लोकांनी बोर्ड उचलून पार डोक्याच्या वर घेतलेत, हात उंच करून बटण दाबावं लागलं तर समजून जा. तरी खात्री नाही पटली तर शेजारच्या किराणा दुकानात जाऊन विचारा, एकोणीसला पाणी कुठपर्यंत होतं? दुकानदार तोंडानं काही सांगणार नाही, भिंतीला हात लावून दाखवेल.

हे एवढं पोटतिडकीनं सांगतेय कारण आमच्याच घरात घडलंय. २०१९ ला आमच्या तळमजल्यावर दोन पोरं होती, एक आटपाडीचा एक कवठेमहांकाळचा. पाणी वाढणार असं आदल्या दिवशी म्हणत होते पण एवढं येईल असं कुणाला वाटलं नाही, आम्हालाही नाही, आणि पोरांना वेळेवर वर घ्यायचं काम आमचं होतं. पहाटे उठवून वर आणलं तेव्हा त्यांनी हातात मोबाईल आणि चार्जर तेवढे आणले, कागदपत्रांची ट्रंक कॉटखालीच राहिली. पाणी उतरल्यावर ती उघडली तर आतली फाईल चिखलानं एकजीव झालेली. दहावी-बारावीची मार्कशीटं, लिव्हिंग सर्टिफिकेट, जातीचा दाखला, एकेक कागद मी वर्तमानपत्रात दाबून सुकवला, वरून सुती कापड टाकून मंद इस्त्री फिरवली. मार्कशीटं वाचली, जातीच्या दाखल्यावरची शाई पसरून सही-शिक्का काहीच दिसेना, त्या पोराचे पुढचे कितीतरी दिवस तहसील कचेरीच्या चकरांत गेले. म्हणून मुलगा कुठंही राहो, मूळ कागदपत्रं घरी ठेवा, त्याच्याकडं झेरॉक्स द्या आणि मोबाईलमध्ये डिजिलॉकर चालू करून द्या.

वरचा मजला मिळाला तर चालेल का असंही बरेच जण विचारतात. जीवाला धोका नाही, पण लाईट जाते, नळाचं पाणी बंद होतं, आणि परीक्षा असली तरी बाहेर पडायचं तर बोटीनं. त्यापेक्षा विश्रामबागेत किंवा मिरजेच्या बाजूला जरा आत गल्लीत बघा, शंभर फुटी रोडला लागून महाग पडतं, आत स्वस्त मिळतं. सांगली-मिरज रस्त्यावर सिटी बस आहे, वडाप आहे, पोरगं कॉलेजला पोचतं.

आणि खोली पक्की झाली की अ‍ॅग्रीमेंट करा. मालक चांगला आहे म्हणून तोंडी नको, चांगल्या मालकाचाही पुढं मुलगा कारभार बघायला लागतो आणि डिपॉझिटचं काही माहीत नाही म्हणतो. अकरा महिन्यांचा करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी कायद्यानं मालकाची आहे. खर्च फार नसतो, एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं थोडं व्याज धरून त्याच्या पाव टक्का स्टॅम्प, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. तिघांचं मिळून साडेसात हजार भाडं धरलं तर अकरा महिन्यांचे झाले साडेब्याऐंशी हजार, त्यावर स्टॅम्प दोनशे रुपयांच्या आसपास. मुलगा अठराचा पूर्ण नसेल तर करार तुमच्या नावानं करा. डिपॉझिट कधी परत, किती महिने आधी सांगायचं, रंगाचे पैसे कापणार का, हे सगळं त्यात लिहून घ्या.

लाईटबिलाचं वेगळं विचारा. एकाच मीटरवर चार खोल्या असल्या की युनिटं वाढून सगळे वरच्या स्लॅबमध्ये जातात आणि पोरांना युनिटचा दर महाग पडतो. सबमीटर असेल तर राहायला गेल्या दिवशीच त्याच्या आकड्याचा फोटो काढून मालकांना पाठवून ठेवायला सांगा.

मी किर्लोस्करवाडीची. विश्रामबागला बीएस्सीला अ‍ॅडमिशन मिळालंय. घरचे म्हणतात रोज ये-जा कर, मैत्रिणी रूम घेतायत. रोजच्या प्रवासात अभ्यास होतो का? खर्चाचं गणित कसं करू?

बाळा, तुझ्या गावाला स्टेशन आहे आणि विश्रामबागलाही स्टेशन आहे, ही मोठी सोय आहे. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना घर ते कॉलेज सेकंड क्लासचा महिन्याचा पास रेल्वे फुकट देते, त्यासाठी कॉलेजचा दाखला लागतो, ऑफिसमध्ये पहिल्याच आठवड्यात माग. एसटीनं यायचं झालं तर विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्सा भरायचा, आणि पास नसेल त्या दिवशीही १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहेच.

पैशाचं गणित तर सरळ तुझ्या घरच्यांच्या बाजूनं जातं, पण वेळेचं गणित तू मांड. बीएस्सीला प्रॅक्टिकल असतात आणि ती दुपारनंतर लांबतात. कॉलेजचं टाइमटेबल हातात आल्याशिवाय रूमचं डिपॉझिट देऊ नकोस. पहिला महिना ये-जा करून बघ, संध्याकाळची गाडी चुकली तर दुसरं काय आहे ते एकदा दिवसाउजेडी स्वतः करून बघ. एक सेमिस्टर ये-जा आणि परीक्षेच्या दोन महिन्यांपुरतं मैत्रिणींच्या रूमवर, असं करणाऱ्या मुली मी बघितल्यात, मालकिणीला आधी विचारून मात्र, लपूनछपून नको. आणि गाडीत जागा मिळाली की पुस्तक निघतं गं, फक्त ग्रुपमध्ये बसू नकोस.

मेसवाल्या काकूंनी दोन महिन्यांचे पैसे आधी घेतले. आता गणपतीला आठ दिवस गावी चाललोय तर खाडे धरणार नाही म्हणतात. हे बरोबर आहे का? (तीन विद्यार्थी, मिरज)

खाडे धरायचे की नाही हे पहिल्या दिवशी विचारायचं असतं, आता भांडून उपयोग नाही. बहुतेक ठिकाणी सलग तीन-चार दिवसांच्या वर आणि आदल्या दिवशी सांगितलं तरच खाडा धरतात, कारण एक-दोन दिवसांनी काकूंचा भाजीचा हिशोब बदलत नाही. पण आठ दिवस म्हणजे बदलतो, तेव्हा तिघं मिळून जा, आधीच तारखा सांगा, आणि पैसे परत मागण्याऐवजी तेवढे दिवस पुढं वाढवून मागा, ते सहसा मिळतात. इथून पुढं कुठंही एका महिन्याच्या वर अ‍ॅडव्हान्स देऊ नका, आणि पैसे देण्याआधी दोन दिवस सुटं ताट घेऊन जेवून बघा. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेही हिशोबात धरा, त्या रात्रीचं बाहेरचं खाणं महिन्याच्या शेवटी चांगलंच जाणवतं.

मुलींना शिक्षण मोफत झालं असं ऐकलं होतं, म्हणून पोरीला इंजिनिअरिंगला घातलं. आम्ही ओबीसीत. कॉलेज तरीपण पैसे मागतंय आणि हॉस्टेलचे वेगळे. आम्ही फसलो का? (एक आई, आटपाडी)

फसला नाहीत ताई, पण अर्धंच सांगितलं तुम्हाला कुणीतरी. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, व्यावसायिक कोर्सला शिकणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. पण अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेलं पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला हे नाही. आणि माफ आहे ते शिक्षण आणि परीक्षेचं शुल्क. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, ड्राफ्टर, एप्रन हे सगळं घरूनच. तेव्हा कॉलेजकडून पावती मागा आणि तिच्यावर कुठली रक्कम कशाची आहे ते एकेक ओळ विचारा, शिक्षण शुल्क लावलेलं दिसलं तर तिथंच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

राहण्याच्या खर्चासाठी ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाच्या ज्या मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तशीच अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार. म्हणजे आधी वसतिगृहाचा अर्ज करायचा, तिथं नंबर नाही लागला तर ही दारं. जागा मोजक्या असतात म्हणून तारीख चुकवू नका. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, डोमिसाइल आत्ताच काढून ठेवा. आणि पोरीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा, मोबाईलवर नाही, समोर बसून. अर्ज मंजूर होऊनही खातं जोडलेलं नाही म्हणून पैसे अडकलेल्या पोरी मी बघितल्यात, आणि तोवर आईनं गळ्यातलं मोडून मेस भरलेली.

वडिलांची द्राक्षबाग गेल्या वर्षी अवकाळीत गेली. घरून पैसे मागायला जीव होत नाही. कॉलेज करून रात्री हॉटेलात काम करू का? (एक विद्यार्थी, तासगाव)

रात्रीचं हॉटेल पहिल्या सेमिस्टरला नको रे. झोप जाते, मग सकाळचं लेक्चर, मग हजेरी, आणि ७५ टक्क्यांच्या खाली गेलास की परीक्षेला बसायचे वांधे. त्याआधी कॉलेजमध्ये जाऊन कमवा आणि शिका योजनेची चौकशी कर, विद्यार्थी कल्याण बघणारे सर असतात त्यांना विचार. ही गोष्ट आपल्याच भागातली आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तिथं पोरं राबून शिकली, त्यात कमीपणा काही नाही. काम लायब्ररीत, ऑफिसात, बागेत, दिवसाचे थोडे तास, पैसे फार नाहीत पण मेसला हातभार लागतो आणि काम कॉलेजातच असल्यानं लेक्चर बुडत नाही.

आणि वडिलांशी एकदा बोल. पैसे मागायला नाही, तुझा महिन्याचा खर्च वहीत लिहून ती वही त्यांच्यासमोर ठेव, खोली किती, मेस किती, पास किती. बागायतदार माणूस आहे, हिशोब त्यांना तुझ्यापेक्षा चांगला कळतो, कुठं कमी करायचं ते तेच सांगतील. अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागेल तो तासगावच्या तहसीलमधून आणायलाही त्यांचीच गाठ पडणार आहे, तेव्हा येत्या शनिवारीच जाऊन ये.