माणसांच्या आवडीनिवडी किती वेगळ्या आहेत, हे आकड्यात मोजता येतं का?

तुम्ही विचारलंय की दोघांची आवड 'वेगळी' म्हणजे नेमकी किती वेगळी, हे अर्थशास्त्र सांगू शकतं का. सांगू शकतं. संख्याशास्त्रज्ञ मॉरिस केंडॉल यांनी १९३८ मध्ये दिलेली रीत अगदी सरळ आहे: पर्यायांच्या जोड्या लावायच्या आणि किती जोड्यांवर दोघांचं मत उलटं पडतं ते मोजायचं.

आमचं शेत सांगली जिल्ह्यात, तासगावजवळ. विहिरीकडच्या एकरात काय लावायचं यावर घरात सहा तोंडं सहा दिशांना. मी वहीची पानं फाडून प्रत्येकाकडून क्रम लिहून घेतला. वडील: ऊस, हळद, द्राक्ष. आई: हळद, ऊस, द्राक्ष. दोघांत एकच जोडी उलटी, म्हणून अंतर १. काकांनी लिहिलं द्राक्ष, हळद, ऊस. वडिलांशी तिन्ही जोड्या उलट्या, अंतर ३. तीन पिकांत याहून लांब जाताच येत नाही.

तीन पिकांचे क्रम सहाच होतात आणि आमच्याकडे सहाही निघाले. सहा माणसांच्या १५ जोड्या, अंतरांची बेरीज २७, सरासरी १.८.

आता दुसरं घर धरा. तिघे वडिलांसारखे, तिघे काकांसारखे. तिथेही बेरीज २७, सरासरी १.८! पण आमच्या घरात प्रत्येकाला एका पावलावर कुणीतरी सापडतं, बोलणं पुढे सरकतं. त्या घरात एक तर पूर्ण एकमत, नाहीतर थेट तीनचं अंतर. मधे उभं राहायला माणूसच नाही. म्हणून नुसत्या सरासरीवर मी कधीच विसंबत नाही. वेगळे क्रम किती, हेही मोजा: आमच्याकडे ६, तिकडे २.

एक गोष्ट मात्र या रीतीत मावत नाही. आई-वडील दोघांनीही द्राक्ष शेवटी लिहिलं. वडिलांना फवारण्यांचा कंटाळा. आईने हाताशी आलेली बाग अवकाळीत गेलेली पाहिलीय, लिहिताना तिचा हात थांबला होता. कागदावर दोघांचा तिसरा क्रमांक सारखाच. एकाचं 'नको' दुसऱ्याच्या 'नको'शी ताडून पाहायला शास्त्रीय कसोटी नाही, असं अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं.

तुम्ही माहिती गोळा करणार असाल तर नुसती पहिली पसंती विचारू नका, पूर्ण क्रम लिहून घ्या. नुसत्या पहिल्या पसंतीवरून ही अंतरं काढता येत नाहीत.