पुणे ते लेह: कार्ब कुठे आणि किती फिरवायचा

तुमची बाईक कार्बवाली (कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर, इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), जायचंय मनालीमार्गे लेहला, आणि मेकॅनिक म्हणतोय की मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल मापून सोडणारं छोटं भोक) इथेच लहान करून टाकू. माझं ऐकाल तर पुण्यात जेटला हात लावू देऊ नका. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, दिल्ली २०० च्या आसपास. म्हणजे हिमाचलचा चढ लागेपर्यंत बराचसा रस्ता पुण्यापेक्षा खालच्या पातळीवरून, जूनच्या उन्हात, सामान लादून, एक्सिलेटर पिळत कापायचाय. तिथे जेट लहान म्हणजे मिक्स्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. हेड तापणार, आणि फारच ताणलंत तर पिस्टन जाम.

वर गेल्यावर भानगड याच्या उलटी होते. लेहला (३,५०० मीटर) हवा पुण्याच्या मानाने पाव भागाने विरळ असते, लेहच्या अलीकडची तांगलांग ला ही खिंड ओलांडताना तर जवळपास ४० टक्क्यांनी. हवा विरळ झाली की कार्बमधून ओढलं जाणारं पेट्रोलही घटतं, पण हवेइतकं नाही. हिशोब मांडला तर लेहला मिक्स्चर १५-१६ टक्के रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, निघतं. महाबळेश्वरला हाच फरक ४ टक्क्यांच्या घरात, त्यामुळे आपल्या घाटांसाठी काहीही करू नका. वरंध्यात गाडी दम टाकत असेल तर आधी एअर फिल्टर बघा.

मनालीच्या पुढे गाडी आयडलिंगला बंद पडायला लागली, काळा धूर, प्लगवर काजळी असं दिसलं, की इंजिन गरम असताना आधी आयडल स्क्रू थोडा आवळून रेस वाढवा. मग मिक्स्चरचा स्क्रू. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर सोडला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत घेतला की लीन. इथे गल्लत झाली तर गाडी आणखी गुदमरेल. पाव-पाव आटा फिरवा, रेस सगळ्यात जास्त आणि एकसारखी लागेल तिथे थांबा. निघण्याआधी घरीच स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून मूळ आटे मोजा आणि टाकीखाली मार्करने लिहून ठेवा. उतरताना तिथेच परत आणायचाय.

या स्क्रूचा परिणाम आयडलिंग आणि कमी एक्सिलेटरपुरताच. एक्सिलेटरच्या मधल्या पट्ट्यात कार्बमधली सुई काम करते. तिला खाचा असतील तर क्लिप एक खाच वर घेतली की सुई खाली बसते आणि मिक्स्चर लीन होतं. मेन जेटचा संबंध येतो पाऊण एक्सिलेटरच्या पुढे, आणि त्या रस्त्यावर तेवढा पिळायला जागा कुठे मिळते?

एवढं करूनही ताकद कमीच लागणार. ऑक्सिजनच कमी आहे, त्याला स्क्रू काय करणार? पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढा. फिल्टर काढून चालवण्याचा सल्ला वाटेत हमखास मिळेल, तो मानू नका. तिथली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

तरीही एक-दोन नंबर खालचा जेट जवळ हवाच असेल तर पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला जाताना जुना जेट खिशात घेऊन जा. केहिन आणि मिकुनी या कार्ब बनवणाऱ्या कंपन्यांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जेटचे आटेही तपासून घ्यावे लागतात.