जुन्या व्हिडिओ गेममधल्या ग्लिचपासून अमूर्त चित्रं करायची आहेत. कोणतं ॲप वापरू? आणि त्याला कला म्हणतील का?

ॲप एकही नको. फोटोवर लाल-निळ्या रेघा मारून देणारे फिल्टर ही ग्लिचची नक्कल असते. खऱ्या ग्लिचमध्ये, म्हणजे गेमच्या आतल्या बिघाडात, गेम आतून कसा बांधलाय ते उघडं पडतं. १९८०च्या पॅक-मॅनची २५६वी लेव्हल बघा: लेव्हल मोजायला एकच बाईट, त्यात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात, २५५नंतर तो शून्यावर येतो, फळांची चित्रं रेखाटणारा कोड भरकटतो आणि उजवा अर्धा पडदा अक्षरं-आकड्यांनी भरून जातो.

पण मी लिहितेय ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी. तो मला लागला.

माझं मनासारखं झालेलं पहिलं चित्र १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्समधलं. गेमची फाईल जेमतेम ४०,९७६ बाईटची: १६ बाईटचा हेडर (फाईलची ओळख सांगणारा सुरुवातीचा भाग), ३२ केबी कोड आणि शेवटचे ८ केबी म्हणजे सगळी चित्रं, ८×८ पिक्सेलच्या ५१२ टाईल, म्हणजे पडदा ज्यांनी जुळतो ते छोटे चौकोनी तुकडे. प्रत्येक टाईलला आठ-आठ बाईटचे दोन थर, ते एकावर एक आले की पिक्सेलचा रंग ठरतो. पंधरा दिवस मी कोडमध्येच बोटं घालत होते आणि गेम दर वेळी बंद पडायचा. मग कोड सोडला. चित्रांच्या भागाच्या सुरुवातीला आठ बाईट घुसडले, शेवटचे आठ काढून टाकले. प्रत्येक टाईलचा एक थर तिचा स्वतःचा राहिला, दुसरा शेजारणीचा आला. गेम सुरळीत चालू, उडी तशीच, नाण्याचा आवाज तसाच, आणि दिसायला सगळं चिरफाळलेलं. त्या गेममध्ये ढग आणि झुडपं एकाच टाईलची आहेत, फक्त रंग वेगळे. त्यामुळे वर पांढऱ्यात जी भेग, तीच खाली हिरव्यात! ती बघून मी कितीतरी वेळ खुर्चीतून उठले नाही. दोनशेच्या वर स्क्रीनशॉट काढले, एक ठेवला.

तो छापून भिंतीवर लावला. दादा जलरंगात काम करतो. बघून म्हणाला, "अगं, मशीन बिघडलं आणि तू खाली सही केलीस."

मी गप्प बसले. हाच दादा ओल्या कागदावर रंग सोडतो, कागद तिरका धरून ओघळाची वाट बघतो, नको तो ओघळ टिपून घेतो आणि ढीगभर कागदांतला एक ठेवतो. तिथे पाणी बिघडलं असं कुणी म्हणत नाही. कुठे ढकलायचं, किती, कुठे थांबायचं हे मीही ठरवलंच होतं. कोरी आर्केंजल या अमेरिकन कलाकाराने २००२मध्ये मारिओच्या कार्ट्रिजमधून बाकी सगळं काढून नुसते ढग ठेवले. ते काम आज न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या संग्रहात आहे. दादाला हेही सांगायला हवं होतं.

हो, हेडरच्या १६ बाईटना हात लावू नका आणि काम कायम फाईलच्या प्रतीवर करा. बदल कुठल्याही हेक्स एडिटरने (फाईलचे बाईट दाखवून बदलू देणारा प्रोग्रॅम) होतो, टाईल एफसीईयूएक्समध्ये (FCEUX, असे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) बघता येतात. २५६×२४०चं चित्र पूर्ण पटीतच (दुप्पट, तिप्पट असं) मोठं करा, चित्र मोठं करताना 'नीअरेस्ट नेबर' हा पर्याय लावून, नाहीतर कडा पुसट होतात. चमकणारा व्हिडिओ करणार असाल तर आधी सूचना टाका, काहींना त्याने फिट येते.

आणि "यात तुझं काय?" असं कुणी विचारलं तर मूळ आणि बदललेली अशा दोन्ही फाईली शेजारी शेजारी उघडा आणि ते आठ बाईट बोटाने दाखवा. मला त्या दिवशी ते सुचलं नाही.