2009 चा स्टार ट्रेक बघायच्या आधी काऊंटडाऊन कॉमिक (सिनेमाच्या आधीची गोष्ट) वाचायलाच हवं का?

हवंच असं काही नाही, सिनेमा त्याच्याशिवायही नीट कळतो. माझं ऐकाल तर आधी सिनेमा बघा, कारण कॉमिकमध्ये रोम्युलस ग्रहाचं काय होतं ते सगळं आधीच कळतं आणि मग स्पॉक पुढे सिनेमाचा नायक किर्क याला जे सांगतो त्यातली मजा जाते.

पण नंतर मात्र नक्की वाचा. चारच अंक आहेत, आयडीडब्ल्यू या कॉमिक प्रकाशकाने 2009 मध्येच काढलेले, आणि मूळ कथा सिनेमाच्या लेखकांचीच म्हणजे ऑर्सी आणि कर्ट्झमन यांची आहे. सिनेमातला खलनायक नीरो कसा, येतो, ओरडतो, ग्रह उडवतो, बस. इथे तो साधा खाणकामगार आहे, तारा फुटणार हे स्पॉकचं म्हणणं त्याला पटतं, तो मदतही करायला जातो, आणि तेवढ्यात बायको आणि होणारं मूल दोन्ही जातात. त्याच्या तोंडावरचे टॅटू आठवतायत ना? ते शोकाचे आहेत, रोम्युलन लोक रंगाने काढतात आणि रंग फिका होईल तसं दुःख ओसरतं, पण हा गडी ते कायमचे गोंदवून घेतो. हे सिनेमात का नाही घेतलं कळत नाही राव! नीरोच्या खाणीच्या जहाजात एवढी ताकद कुठून आली (बोर्ग या अर्ध्या यंत्र असलेल्या परग्रहवासीयांची टेक्नॉलॉजी) तेही इथेच कळतं.

फक्त यात डेटा नावाचा अँड्रॉइड (माणसासारखा रोबो) जिवंत आहे आणि एंटरप्राइज जहाजाचा कॅप्टन आहे, पुढे 2020 च्या पिकार्ड सिरीजशी ते जुळत नाही, तेव्हा तिथे उगाच डोकं लावत बसू नका.