खराब ओळ गाळायची, तर टेस्ट किती?

प्रश्न : आमच्या डेटाबेसमध्ये सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या माहितीच्या ओळी) भरताना खराब ओळ गाळून पुढे जायचा पर्याय मी लिहिलाय. टीम लीड म्हणतात, प्रत्येक डेटाटाइपसाठी (आकडा, तारीख असा माहितीचा प्रकार) रिग्रेशन टेस्ट हवी, म्हणजे पुढच्या बदलांत हे बिघडलं तर पकडणारी चाचणी. सहकारी म्हणतो, चार पुरेत, सगळ्या टेस्टचा संच आधीच फार वेळ खातो. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आकडा बाजूला ठेवा. हा पर्याय बिघडला तर ते कळेल कसं, हे आधी बघा. एरर आली तर ग्राहक त्याच दिवशी फोन करतो. चांगली ओळ गुपचूप गळली, तर हिशेब जुळेनासा होईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. मला भीती वाटते ती याची. म्हणून काय गाळायचं नाही, यावर टेस्टचा भर द्या.

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या 17व्या आवृत्तीत (2024) फाइल टेबलात भरणाऱ्या कॉपी कमांडला असाच ‘ऑन एरर इग्नोर’ पर्याय आला. तिथे व्हॅल्यू कॉलमच्या टाइपमध्ये बसली नाही तरच ओळ गळते. कॉलम कमी-जास्त झाले किंवा प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) दुबार आली, तर कमांड थांबते. बायनरी फॉरमॅटला हा पर्याय चालतच नाही. डोमेनची (म्हणजे अट जोडून बनवलेल्या टाइपची) चेक अट मोडली तर ओळ गळते, कारण ती अट व्हॅल्यू वाचतानाच तपासली जाते. टेबलाची चेक अट मोडली तर मात्र सगळं थांबतं. दिसायला दोन्ही अटी सारख्याच! तुमच्याकडच्या अशा प्रत्येक सीमेवर एकेक टेस्ट हवीच.

प्रत्येक टाइपसाठी वेगळी टेस्ट मी लिहिणार नाही. सगळे टाइप एकाच वाटेने आत येत असतील आणि चुकीच्या व्हॅल्यूची तपासणी त्या त्या टाइपच्या टेस्टमध्ये होत असेल, तर इथे इंटिजर आणि तारीख पुरे. हो, युजरने बनवलेला, थेट एरर फेकून कमांड थांबवणारा एक टाइप जरूर घ्या.

चांगल्या-वाईट ओळी एकाच टेबलात मिसळून भरा, म्हणजे वेळही वाचेल. शेवटी नुसता काउंट (ओळींची संख्या) नको. चांगली ओळ गळून वाईट आत शिरली तरी काउंट जुळतो. क्रम ठरवणारं ऑर्डर बाय लावून सगळ्या ओळी छापा. ते नसेल तर क्रम बदलून टेस्ट उगाच फेल होईल.

आणि पर्याय न देता तीच फाइल भरून बघा. पहिल्याच खराब ओळीवर कमांड पूर्वीसारखी थांबली पाहिजे, एकही ओळ टेबलात न राहता. लाखो ओळींची फाइल आणि मध्येच सर्व्हर मुद्दाम बंद पाडणं, या वेळखाऊ टेस्ट रात्रीच्या रनला ठेवा.