पिक्चर ‘भलता’ आवडला म्हणजे किती?

धुळ्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. पिक्चर पाहून आले की ते पुण्याच्या मावसबहिणीला दोन ओळींत मत कळवतात. ‘छावा’बद्दल त्यांनी लिहिलं, “संगमेश्वरची लढाई भलती आवडली.” ‘दशावतार’बद्दल, “प्रभावळकर भलते भारी.” आणखी एका पिक्चरबद्दल (नाव त्यांनीच गाळलंय), “इंटरव्हलनंतर पिक्चर भलताच निघाला.” यावर बहिणीने विचारलं, “भलती आवडली म्हणजे? नको ती आवडली का?” तर ‘भलता’ असा वापरणं चूक आहे का?

अजिबात नाही. अहिराणीत ‘भलता’ म्हणजे सरळ ‘खूप’. “पिच्चर भलता भारी शे”, “भलती मज्या उनी” हे जळगाव-धुळ्यापासून सटाणा-मालेगावपर्यंत कोणीही बोलेल. (मालेगाव कागदोपत्री नाशिक जिल्ह्यात असलं तरी बोली जिल्ह्याची हद्द पाळत नाही.) त्या बोलीतून हा शब्द खानदेशी माणसाच्या मराठीत तसाच उतरतो. पुण्याकडे मात्र ‘भलता’ म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतं ते भलत्याच थेटरात जाणं, भलतंसलतं बोलणं, भलतीकडेच बघणं. म्हणजे चुकीचं, नको ते.

गंमत अशी की मुळात या शब्दाला ना चूक ठाऊक होती, ना खूप. तुकोबांचं ‘या रे या रे लहानथोर, याति भलते नारीनर’ आठवा. इथे ‘याति भलते’ म्हणजे कोणत्याही जातीचे. नुसतं ‘कोणताही’. त्यात निंदा नाही, उलट सगळ्यांना आवतण आहे. मग ‘कोणताही’चा ‘नको तो’ कसा झाला? आजचं ‘काहीही’ पाहा. “जेवायला काहीही चालेल” यात काही वावगं नाही; पण हीरो एका हाताने ट्रक अडवतो तेव्हा शेजारच्या खुर्चीतून “काहीही!” ऐकू येतं, त्यात तक्रारच असते. ‘भलता’ याच वाटेने गेला असावा, असं मला वाटतं. कोणताही, मग विचार न करता उचललेला, मग अवास्तव. आणि अवास्तव हे मापाबाहेरचं असतं, म्हणून शेवटी ‘अतिशय’. ‘भयंकर आवडला’ म्हणताना आपल्याला कुठे भीती वाटते? तुफान, अफाट, जाम, सगळे असेच मोठे झालेत.

शिवाय पुण्यालाही हा अर्थ परका नाही. “पोरगा भलताच हुशार आहे”, “थेटरात भलतीच गर्दी होती” हे तिकडेही रोज बोलतात. फरक एवढाच, की तिकडे ‘खूप’ म्हणायला ‘च’चा टेकू लागतो. खानदेशात तो लागत नाही.

घोटाळा व्हायला व्याकरणाचाही हात आहे. ‘खूप’ कधी बदलत नाही. लढाई खूप आवडली, पिक्चर खूप आवडला. ‘भलता’ मात्र नामाप्रमाणे भलता, भलती, भलतं, भलते होतो. त्यामुळे “लढाई भलती आवडली” वाचताना सवय नसलेला माणूस ‘भलती’ हे ‘आवडली’ला न जोडता ‘लढाई’ला जोडतो, आणि त्याला वाटतं, ही दुसरीच कुठली लढाई! पुढे विशेषण आलं की ही शंका उरत नाही. म्हणून “प्रभावळकर भलते भारी” यावर बहिणीने काही विचारलं नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाचं ते काम पाहून मीही तेवढेच शब्द वापरले असते.

तर बहिणीला लिहिताना एक ‘च’ लावा, किंवा पुढे भारी, मस्त, सुंदर असं काही ठेवा. घरात, पारावर, थेटरातून बाहेर पडताना काहीच बदलायची गरज नाही. मालेगावच्या हौशी मंडळींनी आपल्याच गावात ‘शोले’ उभा केला, त्यावरचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ 2025 मध्ये आला. तो पाहून “पिक्चर खूप आवडला” असं कोणी मालेगावात म्हणालं, तर मलाच ते मिळमिळीत वाटेल.

राहिलं तिसरं वाक्य. “इंटरव्हलनंतर पिक्चर भलताच निघाला” याचा अर्थ धुळे आणि पुणे दोन्हीकडे एकच: आधी दिसला तो राहिला नाही. पण सुधारला की बिघडला, हे त्यातून कळत नाही. नाव गाळलंय त्यावरून बिघडला असावा. तसं असेल तर ‘बिघडला’ लिहा, बहिणीचे तिकिटाचे पैसे वाचतील.