बायनरी वाटण्याआधी जुनं मशीन गाठ
गड्या, उबुंटू २४.०४ या लिनक्सवर बांधलेली बायनरी (चालवायला तयार प्रोग्राम फाइल) परभणीच्या लॅबमधल्या २०.०४ वर अडणारच. तुझ्याकडं ग्लिबसी (glibc, प्रोग्रामांना लागणारी सी भाषेची मूळ लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) २.३९, तिथं २.३१. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं बहुधा नाही. म्हणून ज्यांना द्यायचंय त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या सिस्टिमवर बिल्ड कर, कंटेनरमध्ये (तुझ्याच मशीनवर वेगळी मांडलेली जुनी सिस्टिम) का होईना. मग त्यांच्याच मशीनवर बायनरीला एलडीडी (ldd, कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) लाव. ‘नॉट फाउंड’ आलेल्या लायब्ररी सोबत दे, अन् आरपाथमध्ये (rpath, लायब्ररी कुठं शोधायच्या तो बायनरीतला पत्ता) डॉलर-ओरिजिन ($ORIGIN, म्हणजे बायनरी असेल तेच फोल्डर) टाक. फोल्डर कुठंही हलवलं तरी त्या सापडतात. ग्लिबसी तेवढी सोबत देऊ नकोस, तिला लोडरही (लायब्ररी जोडून प्रोग्राम सुरू करणारा भाग) तिच्याच आवृत्तीचा लागतो. अल्पाइन लिनक्सवर ग्लिबसीऐवजी मसल (musl) असतं, त्यांच्यासाठी वेगळं बिल्ड. आणि हो, दुसऱ्यानं दिलेल्या अनोळखी फाइलवर एलडीडी नको, कधीकधी ती फाइलच चालू होते. तिथं रीडएल्फ (readelf, फाइल न चालवता तिची माहिती वाचणारी कमांड) वापर.